गूगल रीडरचं शेअर बटण: एका शिफारस-व्यवस्थेचं प्रकरण

३१ ऑक्टोबर २०११ रोजी गूगलने रीडर या आपल्या ब्लॉग वाचण्याच्या सेवेतलं 'शेअर' नावाचं एक बटण काढून टाकलं. सेवा चालू राहिली. ती बंद झाली पुढे पावणेदोन वर्षांनी, १ जुलै २०१३ला. लोकांच्या लक्षात राहिली ती ही दुसरी तारीख, आणि आजही कुणी जुना ब्लॉगवाला हळहळतो तो तिच्याच नावाने. माझ्या मते खरं प्रकरण पहिल्या तारखेलाच आटोपलं होतं. आपापल्या घरून, कुणाच्या सांगण्याशिवाय आणि मानधनाशिवाय लिहिणाऱ्या असंख्य लोकांच्या लेखनातलं वाचण्यासारखं काय, हे एकमेकांना कळवण्याची एक मोठी व्यवस्था पाचेक वर्षांत तयार झाली होती. ती त्या बटणावर चालायची.

ती व्यवस्था कुणी मुद्दाम आखली नव्हती, म्हणून ती नेमकी कशामुळे चालत होती हे ती मोडणाऱ्यांनाही नीट कळलं नसावं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे.

आधी यंत्रणा

ब्लॉगला फीड असते. नवा लेख टाकला की त्याचं शीर्षक, मजकूर, तारीख आणि दुवा एका ठरावीक साच्यात त्या फीडमध्ये जाऊन बसतात. आरएसएस हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध साचा, १९९९चा. फीड-वाचक नावाचं सॉफ्टवेअर तुम्ही निवडलेल्या सगळ्या फीडा अधूनमधून तपासतं आणि नवं काही आलं की एका जागी आणून ठेवतं. पन्नास ब्लॉगांच्या दारात रोज जाऊन डोकावण्याची गरज उरत नाही.

गूगल रीडर ७ ऑक्टोबर २००५ रोजी प्रयोग म्हणून लोकांपुढे आलं. त्याआधी ब्लॉगलाइन्स वगैरे फीड-वाचक होतेच. २००६च्या सप्टेंबरात त्याचं रूप बदललं आणि ते झपाट्याने पसरलं. डावीकडे ब्लॉगांची यादी, उजवीकडे एकाखाली एक लेख, कीबोर्डवर 'जे' दाबलं की पुढचा, 'के' दाबलं की मागचा. न वाचलेल्या लेखांचा आकडा हजाराच्या पुढे गेला की रीडर मोजणं सोडून देई आणि नुसतं '१०००+' दाखवी. हा आकडा पाहून अपराधी वाटणं हा त्या काळातल्या वाचणाऱ्यांचा सार्वत्रिक आजार होता.

मराठीच्या बाबतीत फीडचा एक फायदा वेगळाच होता. युनिकोडमुळे देवनागरीत लिहिणं सोपं झालं आणि २००६-०७च्या आसपास मराठी ब्लॉगांची संख्या भराभर वाढली. पण यातले बरेच ब्लॉग अनियमित. कुणी महिन्यातून एकदा लिही, कुणी पावसाळ्यात एकदा आणि मग थेट दिवाळीत. आणि माझा अनुभव असा, की जे क्वचित लिहीत त्यांचंच लेखन बहुधा थांबून वाचण्यासारखं असे. अशा माणसाच्या ब्लॉगवर दर आठवड्याला जाऊन रिकाम्या हाताने परतायला कोण बसलंय? फीड त्याची वाट पाहत राही. सहा महिन्यांनी एक लेख आला, तरी तो रोज चार लेख पाडणाऱ्याच्या लेखाशेजारी तितक्याच मानाने येऊन बसे.

पण फीड तुमच्या यादीतल्याच ब्लॉगांची. यादीबाहेरचा चांगला लेख कळायचा कसा? गूगलवर शोधून मिळतं ते, जे शोधायचं आहे हे आधीच ठाऊक असतं. अनोळखी माणसाने अनपेक्षित विषयावर लिहिलेलं काही सापडायला मध्ये दुसरा वाचक लागतो.

बटण काय करत होतं

२००६ सालीच रीडरमध्ये लेखाखाली 'शेअर' आलं. ते दाबलं की तो लेख तुमच्या नावाच्या एका सार्वजनिक पानावर जाई. त्या पानाची स्वतःची फीड असे, म्हणजे तुमची निवड हाच एक ब्लॉग होऊन बसे आणि कुणीही तो आपल्या यादीत घेऊ शके. आपल्या ब्लॉगच्या कडेच्या पट्टीत 'मी सध्या वाचतोय' म्हणून ही निवड डकवायचीही सोय होती. २००८पासून लेखाला दोन ओळींची टीप जोडता येऊ लागली. मार्च २००९पासून मित्रांच्या शेअर केलेल्या लेखांवर प्रतिसाद देता येऊ लागले, आणि त्याच वर्षी जुलैत 'लाइक' आलं, ज्यांच्याशी ओळख नाही अशांनाही अनुसरता येऊ लागलं.

मधला एक टप्पा मात्र फसला. डिसेंबर २००७मध्ये गूगलने ठरवलं, की ज्यांच्याशी तुम्ही जीटॉकवर, म्हणजे गूगलच्या गप्पांच्या सेवेवर, बोलता त्या सगळ्यांना तुमचे शेअर केलेले लेख आपोआप दिसावेत. लोक खवळले. गूगलचं म्हणणं, पान सार्वजनिकच होतं की. तांत्रिकदृष्ट्या खरं. पण त्या पानाचा पत्ता लांबलचक आकड्यांचा, आणि तो ज्यांना आपण देऊ त्यांनाच माहीत असणार असं लोक धरून चालले होते. ऑफिसातल्या साहेबाला आपण कुठले राजकीय लेख निवडतो हे कळावं अशी कुणाची इच्छा असणार? शिफारस कुणापर्यंत जाणार हे शिफारस करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, ही साधी गोष्ट गूगलला तेव्हा शिकायला मिळाली होती. २०१०च्या फेब्रुवारीत बझ नावाची सेवा काढताना ते तीच चूक आणखी मोठ्या प्रमाणावर करून बसले, आणि अमेरिकेत सरकारी चौकशीला तोंड द्यावं लागलं. म्हणजे शिकले किती, हा प्रश्नच आहे.

तरीही बटण टिकलं आणि चाललं. का चाललं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पहिलं कारण अगदी क्षुल्लक दिसणारं. शिफारस करायला वाचकाला जागेवरून उठावं लागत नव्हतं. तो वाचतच होता. आवडलं, शिफ्ट आणि एस दाबलं, पुढचा लेख. दुवा उचला, दुसरीकडे जा, चार शब्द लिहा, कुणाला पाठवायचं ते ठरवा, यातलं काही नाही. त्यामुळे झालं असं, की जे लोक खूप आणि मन लावून वाचतात, पण ज्यांना लोकांपुढे यायची हौस नसते, ते शिफारस करू लागले. हे लोक एरवी कधीच सापडत नाहीत. फेसबुकवर ते लेख चिकटवत नाहीत, कट्ट्यावर हिरिरीने बोलत नाहीत. आणि निवडीची चांगली नजर नेमकी यांच्याकडे असते.

दुसरं, ती शिफारस कुणाला उद्देशून नसे. मेलने लेख पाठवला की समोरच्यावर ओझं येतं: वाचला का, कसा वाटला, उत्तर दिलं नाही तर वाईट दिसेल. शेअर केलेला लेख नुसता तिथे पडून राही. ज्याला वाटलं त्याने वाचावा. पाठवणाऱ्यालाही संकोच नाही. दिवसाला दहा लेख मेलने पाठवणाऱ्याला लोक टाळतील. दहा लेख शेअर करणाऱ्याला कुणी काही म्हणत नसे.

तिसरं कारण हळूहळू जाणवणारं. लेखावर शिफारस करणाऱ्याचं नाव असे. काही महिने गेले की कुणाची नजर कुठे पक्की आहे ते कळू लागे. अमका जुन्या हिंदी गाण्यांवरचं जे निवडतो ते डोळे मिटून वाचावं, पण त्याच्या अर्थकारणावरच्या निवडीकडे फिरकू नये. तमकीने क्रिकेटवरचा लेख शेअर केला म्हणजे तो क्रिकेटबद्दल नसून आणखी कशाबद्दल तरी असणार. एकाच माणसावर असा तुकड्यातुकड्याने विश्वास ठेवणं आपण प्रत्यक्ष आयुष्यात सहज करतो. 'सर्वाधिक लोकप्रिय' अशा यादीत ते जमत नाही, तिथे सगळ्यांची नजर एकात एक मिसळून सपाट होते.

आणि चौथं, ज्याचं मोल मराठीत तरी सर्वांत जास्त. लेख लेखकाच्या नावासकट आणि त्याच्या दारापर्यंतच्या दुव्यासकट जाई. त्याच काळात मराठीत चांगलं लेखन फिरायचं ते ढकलपत्रांतून. कुणाच्या तरी ब्लॉगवरचा लेख मेलमध्ये चिकटवला जाई, दुसऱ्या-तिसऱ्या ढकलणीत नाव गळे, आणि शेवटी तो मूळ लेखकाच्याच मेलवर 'वाचा, फारच सुंदर' म्हणून येऊन थडके. वैतागून अनेकांनी ब्लॉगवरचा मजकूर निवडताच येऊ नये अशी कुलपं घातली, त्याने चोर थांबले नाहीत आणि उतारा उद्धृत करू इच्छिणारा प्रामाणिक वाचक मात्र अडला. आज व्हॉट्सअ‍ॅपवर तेच चालू आहे, फक्त आता नाव गळून भागत नाही, खाली पु. ल. देशपांडे असं नवं नाव लागतं. रीडरच्या बटणाने लेख ढकलला तरी नाव गळणं शक्यच नव्हतं, कारण ढकलायची वस्तू मूळ फीडचाच भाग होती.

ज्यांचं लेखन, त्यांना काय मिळालं

इथे या व्यवस्थेची लंगडी बाजू येते, आणि तिचे गोडवे गाणारे ती सोयीस्करपणे विसरतात.

ब्लॉग लिहिणाऱ्याची कमाई म्हणजे प्रतिसाद. पैसे नाहीत, संपादकाचं पत्र नाही, छापील अंक हातात येत नाही. चार अनोळखी लोकांनी खाली येऊन काही लिहिलं, हीच पावती. रीडरमध्ये लेख पूर्ण वाचता येई, म्हणून वाचक ब्लॉगवर येईनासा झाला. भेटींचा आकडा दाखवणारं ते कडेचं यंत्र थंडावलं. त्यात मार्च २००९नंतर चर्चाही रीडरमध्येच होऊ लागली, शेअर करणाऱ्याच्या मित्रमंडळात. म्हणजे एखाद्याच्या लेखावर पाच-सात माणसं तावातावाने भांडताहेत, कुणी त्यातली चूक दाखवतंय, कुणी भारावून गेलंय, आणि लेखक बिचारा समजतोय की कुणी वाचलंच नाही. त्या चर्चेच्या खोलीला त्याच्यासाठी दार नव्हतं.

यावर काही लेखकांनी फीडमध्ये फक्त पहिला परिच्छेद द्यायला सुरुवात केली. पूर्ण वाचायचं असेल तर या आमच्या घरी. मागणी रास्त होती, पण परिणाम उलटा झाला. अर्धा लेख वाचून कुणी शिफारस करत नाही, आणि 'जे' दाबून पुढे जाणाऱ्याला थांबवायला पहिला परिच्छेद क्वचितच पुरतो.

मला वाटतं, ही खोट दुरुस्त करता आली असती. आपला लेख कितीजणांनी निवडला, आणि त्यांपैकी ज्यांना आपलं नाव कळलेलं चालेल ते कोण, एवढं जरी लेखकाला कळवलं असतं तरी पुष्कळ होतं. 'लाइक'चा आकडा सर्वांना दिसे हे खरं, पण तो पाहायला लेखकाने स्वतः रीडर उघडून आपलाच ब्लॉग वाचायला हवा. ती सोय झाली नाही. शिफारस करणारा आणि वाचणारा या दोघांसाठी सगळं केलं गेलं. तिसऱ्याला, ज्याच्या जिवावर हे चाललं होतं, त्याला व्यवस्थेत जागा मिळाली नाही.

इराण

या बटणाचं वजन सर्वांत जास्त जाणवलं ते इराणमध्ये. तिथे सरकार ब्लॉग आणि बातम्यांची संकेतस्थळं अडवत असे, विशेषतः २००९च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर. रीडर मात्र गूगलच्याच पत्त्यावर, सुरक्षित जोडणीतून चाले. ते तेवढं वेगळं काढून अडवणं सोपं नव्हतं. आणि रीडर फीडमधला पूर्ण मजकूर स्वतःकडे साठवून ठेवी, म्हणून मूळ ब्लॉग अडवलेला असला तरी त्यावरचं लेखन रीडरमध्ये वाचता येई. फारसीत लोक त्याला लाडाने 'गूदर' म्हणू लागले. एकमेकांचे शेअर केलेले लेख हा तिथल्या अनेकांसाठी बातम्या मिळवण्याचा आणि वाद घालण्याचा रस्ता झाला. २०११मध्ये बटण जाणार म्हटल्यावर सर्वांत कळकळीची निवेदनं आली त्यांत इराणी वापरकर्ते होते.

काढलं कसं

२०११च्या एप्रिलात लॅरी पेज गूगलचे मुख्याधिकारी झाले. जूनच्या अखेरीस गूगल प्लस हे फेसबुकसारखं संकेतस्थळ आलं. फेसबुकला गाठायचं होतं, आणि त्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या बोनसचा काही भाग याच आघाडीवरच्या यशाशी जोडल्याच्या बातम्या होत्या. एका घरात शेअर करायच्या दोन जागा कशाला, असा हिशेब झाला. २० ऑक्टोबरला घोषणा झाली, महिनाअखेरीस अंमल. वॉशिंग्टनमधल्या गूगलच्या कार्यालयासमोर मूठभर लोक फलक घेऊन उभेही राहिले. स्वतःला 'शेअरब्रो' म्हणवणाऱ्या मंडळींनी अर्ज-विनंत्या केल्या. उपयोग झाला नाही.

कागदावर पाहिलं तर काहीच गेलं नव्हतं. शेअर करायची सोय होतीच, फक्त ती आता प्लसमधून. जुने शेअर उतरवून घ्यायलाही दिले होते. पण वर सांगितलेली चारही कारणं एकेक करून पाहा. एका कळीचं काम आता चौकट उघडून, कोणत्या वर्तुळाला, म्हणजे ओळखीच्यांच्या कोणत्या गटाला, दाखवायचं ते निवडून, काहीतरी लिहून करायचं झालं. म्हणजे शिफारस ही आता लोकांपुढे केलेली घोषणा झाली, आणि ज्यांना लोकांपुढे यायचं नव्हतं ते गप्प झाले. निवडलेला लेख जाई तो मांजरांच्या फोटोंच्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या रांगेत, जिथे लोक वाचायच्या तयारीने आलेलेच नसत. रीडरमधली मित्रांची यादी गेली. वर्षानुवर्षांत कुणाची नजर कुठे पक्की हे जे कळलं होतं, ते नव्याने जमवायचं. त्यातून प्लसला तेव्हा खरं नाव हवं असे, आणि तो नियम त्यांनी मागे घेतला तो थेट २०१४मध्ये. टोपणनावाने लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या इराण्याचं यात काय झालं असेल ते सांगायला नको. मराठी ब्लॉगांतही टोपणनावं काही कमी नव्हती, जिवावर बेतणारी नसली तरी.

मुख्य म्हणजे वाचायची जागा आणि सांगायची जागा वेगळी झाली. रीडरमध्ये वाचा, प्लसमध्ये सांगा, आणि दुसऱ्याने सांगितलेलं वाचायला पुन्हा प्लसमध्ये जा. असं कुणी फार दिवस करत नाही.

१३ मार्च २०१३ रोजी रीडरच बंद होणार असं जाहीर झालं. वापर घटला, हे कारण दिलं. घोषणेत आकडा नव्हता. दीड लाखाहून जास्त लोकांनी बंद करू नका म्हणून सह्या केल्या. फीडली या सेवेकडे अठ्ठेचाळीस तासांत पाच लाख आणि पंधरा-वीस दिवसांत तीस लाख नवे लोक गेले. हे आकडे पाहून 'एवढे लोक होते तर बंद का केलं' असं विचारलं जातं. गूगलच्या मापाने ते कमी होते, एवढाच त्याचा अर्थ.

इथे गूगलच्या बाजूचं एक म्हणणं मान्य करायला हवं. २००९नंतर ट्विटर आणि फेसबुक हे दोघेही दुवे पसरवण्याचं काम करू लागले होते. फीड म्हणजे काय हे सामान्य माणसाला कधीच नीट समजलं नाही. बटण ठेवलं असतं तरी वापर काही प्रमाणात घटलाच असता. पण बटण काढल्यावर जे गेले ते कोण होते, याकडे एकूण आकडा पाहणाऱ्याचं लक्ष जात नाही. निवड करणारे नेहमीच थोडे असतात, त्यांच्या निवडीवर वाचणारे पुष्कळ. ते थोडे उठून गेले की पुष्कळांना आज काही खास नाही असं वाटू लागतं, आणि तेही येईनासे होतात. २०११मध्ये निवडणारे घालवले, २०१३मध्ये वाचणारे कमी झाले म्हणून दुकान बंद केलं. ज्या प्लससाठी हे केलं तेही सामान्य वापरकर्त्यांसाठी २ एप्रिल २०१९ला मिटलं.

नंतर

फीडलीने लोकांना वाचायची जागा दिली, पण मित्रांच्या निवडीची ती जुनी रांग दिली नाही. ती देण्याचा प्रयत्न लहान सेवांनी केला. द ओल्ड रीडर ही तर त्या बटणाच्या आठवणीतूनच निघालेली. काही मित्रांनी हौसेने केलेलं काम. रीडर बंद पडल्यावर त्यांच्यावर इतकी गर्दी लोटली की जुलै २०१३च्या अखेरीस त्यांनी सर्वांसाठी असलेली सेवा थांबवण्याचं जाहीर करून टाकलं. मग दुसरी मंडळी मदतीला आली आणि ती वाचली. न्यूजब्लर नावाच्या सेवेत अजूनही प्रत्येकाचं निवडीचं पान असतं, त्याला फीड असते, टीप जोडता येते. यंत्रणा म्हणून ती रीडरपेक्षा कमी नाही. मात्र तिथे तुमच्या ओळखीचे पाचच लोक असतील, तर निवडही पाचजणांचीच.

मराठीत याच काळात एक जुनाच मार्ग काहींनी चोखाळला होता. दिवाळीच्या सुमारास वर्षभराच्या ब्लॉगांतलं निवडक लेखन गोळा करून त्याचा अंक काढायचा. रीडरच्या तुलनेत हे फारच संथ काम. वर्षातून एकदा, चार-पाच संपादक, शेकडो नोंदी पुन्हा वाचायच्या, एकेका लेखावर वाद. निवड मर्यादित, आणि संपादकांच्या आवडीची छाप उघड. पण या मार्गात एक पायरी अशी होती जी गूगलच्या अभियंत्यांना सुचली नाही. लेख घ्यायचा तर लेखकाची परवानगी मागावी लागे. म्हणजे त्याला पत्र जाई: तुमचा अमुक लेख आम्हाला आवडला, तो घेऊ का? कुठल्याशा गावात बसून, कुणी वाचत नाही असं समजून लिहिणाऱ्याला आपला लेख निवडला गेला हे कळायचं ते या पत्रामुळे. आज कुणी मराठी ब्लॉगांतलं वाचण्यासारखं निवडून देण्याची नवी सोय उभी करणार असेल, तर कळ एकच ठेवा, नाव आणि दुवा गळू देऊ नका, टोपणनावाला हरकत घेऊ नका. आणि ते पत्र आपोआप जाईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशी करा, बाकीचं नंतर पाहता येईल.